दोन टाक्यांमधला व्हॉल्व्ह

कुरिंगा मेंढीफार्म,
युंटामार्गे, दक्षिण ऑस्ट्रेलिया
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

केरिन पोरी,

उद्या बुधवार. डॅरिल टपालाची गाडी घेऊन येईल, दोन कप चहा पिईल, गुडघ्याची कहाणी सांगेल आणि हे पत्र घेऊन जाईल. फोनऐवजी पत्रं लिहायची हे तू ठरवलंस ते उत्तम केलंस. मला फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरतो. मागच्या वेळी तू मांजर आजारी आहे म्हणालीस आणि मी इथून मांजर गेल्याचं सांत्वन करत बसलो.

काम असं आहे. माझ्या संगणकात एक बिनभाड्याचा पोटभाडेकरू राहतोय. मशीन घेतलं तेव्हापासून तो आत होताच म्हणे, पण झोपलेला होता. गेल्या हिवाळ्यात कसलंसं अपडेट आलं आणि जागा झाला. क्लाउड म्हणतात त्याला. आपल्याकडे ढग म्हणजे केवढा मोठा पाहुणा, दिसला तर टोपी काढावी. हा ढग मात्र थेंब देत नाही, उलट माझ्याच घरातलं उचलून वर नेतो. दिवसरात्र चढउतार चालू. डिशवरच्या इंटरनेटचा महिन्याचा कोटा दहा तारखेलाच खलास होतो. मग मेंढ्यांचे भाव बघायला बसलं की पान उघडेपर्यंत चहा गार. वर रोज सकाळी कोपऱ्यात पाटी येते, तुमची जागा भरत आली, पैसे भरा. मी जागा मागितलीच कधी होती?

तू लायब्ररीत म्हाताऱ्यांना हेच शिकवतेस ना? मग एक म्हातारा इथलाही घे. हे मुळासकट कसं काढायचं ते पायरी-पायरीने लिहून पाठव. मशीनमध्ये फार काही नाही. पावसाची वही आहे, २०१८ पासूनची, बाकी किरकोळ. वही तेवढी जायला नको.

पाऊस शून्य. सलग एकेचाळिसावा दिवस. टिप बरा आहे, कुत्र्याच्या मानाने फार विचार करतो.

तुझा
बाबा


होबार्ट
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

बाबा,

पोटभाडेकरूला हाकलायचं काम मी आठवड्यातून चारदा करते. मंगळवारी सकाळी माझ्या टेबलासमोर रांग असते. सगळ्यांचं तेच, 'आम्ही मागितलं नव्हतं, हे आलं कुठून?' तेव्हा तू एकटा नाहीस.

आधी तुला समजेल असं सांगते. क्लाउड म्हणजे टेकाडावरची टाकी. तुझा संगणक म्हणजे घरामागची टाकी. तुझं पाणी घरामागच्या टाकीत आहेच. वरच्या टाकीत त्याचीच दुसरी भर करून ठेवली आहे, तुला न विचारता. आपल्याला वरची नको. मग काय करायचं, वरची ओतून द्यायची आणि मोडीत काढायची.

तर आधी त्यांच्या वेबसाइटवर जा, तिथे तुझ्या सगळ्या फायली दिसतील. त्या सगळ्या निवड आणि खोडून टाक. म्हणजे पैसे भरा म्हणून कटकट करायला त्यांच्याकडे काही उरणार नाही. तास-दोन तास थांब, तुझं इंटरनेट चालतं त्या गतीने. मग संगणकाच्या सेटिंगमध्ये प्रोग्रॅमची यादी उघड, त्यात निळ्या ढगाचं चित्र असेल, त्यावर टिचकी मारून काढून टाक. सगळ्यात शेवटी पडद्यावरची कचरापेटी रिकामी कर, म्हणजे जागा मोकळी होईल. संपलं. तू मेंढीची लोकर उतरवतोस त्याच्यापेक्षा कमी मेहनत.

पावसाच्या वहीची काळजी करू नकोस. आणि समजा गेलीच, तरी आकडे तू दर महिन्याला हवामान खात्याला पाठवतोसच. त्यांच्याकडे सगळे असतात.

आईचं कपाट आवरलंस का? मला त्यातलं काही नको. उगाच 'हे घे, ते घे' करत पार्सल पाठवू नकोस. अठरा साली दुष्काळात जेवायच्या टेबलावर मी म्हटलं की हे रान विकून टाका, आणि ती म्हणाली की या उंबऱ्यात पुन्हा पाऊल टाकू नकोस. मी शहाणी, खरंच टाकलं नाही. टाकलं ते थेट तिच्या मातीला. जिने सहा वर्षांत माझं नाव काढलं नाही तिचे स्वेटर घेऊन मी काय करू?

जाऊ दे. ढग काढलास की कळव.

केरिन


कुरिंगा
मंगळवार, ४ मार्च २०२५

केरिन,

तुझं पत्र गेल्या बुधवारी मिळालं. त्याच दुपारी बसून सगळं केलं. तू लिहिलंस त्याच क्रमाने, एक पायरी इकडची तिकडे केली नाही. ढग गेला. इंटरनेट एकदम पळायला लागलंय.

इथे सगळं ठीक. पाऊस शून्य. लोकर उतरवणारे पुढच्या महिन्यात येतील.

बाबा


होबार्ट
सोमवार, १७ मार्च २०२५

बाबा,

शाब्बास! मी लायब्ररीत तुझी गोष्ट सगळ्यांना सांगितली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, जवळचं दुकान सव्वाशे किलोमीटरवर, पत्र वाचून एका दुपारीत काम फत्ते. समोर बसलेल्या बाई म्हणाल्या, तुमच्या वडिलांनाच इथे बोलवा, तुम्ही जा रानात. तू माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी निघालास.

पत्र मात्र दमडीएवढं लिहिलंस. डॅरिलच्या गुडघ्याबद्दल एक ओळ नाही, टिपबद्दल नाही. तब्येत बरी आहे ना? का लोकरवाले यायच्या आधीची घाई?

एक विचारायचं होतं. तीस मेला आईला वर्ष होईल. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा फाटकापाशी माझा बूट चिखलात रुतला होता, असं मला आठवतं. पण कुरिंगाला चिखल? की मी ते स्वप्नात बघितलं? वहीत त्या दोन दिवसांचं बघून सांग ना. एवढंच हवंय. का हवंय ते मलाही नीट माहीत नाही.

केरिन


कुरिंगा
मंगळवार, ८ एप्रिल २०२५

केरिन पोरी,

तुझं पत्र सव्वीस मार्चला माझ्या हातात पडलं. त्यानंतर एक बुधवार कोरा गेला. डॅरिलने दोनदा विचारलं, पोरीला काही द्यायचंय का? लिहून फाडत होतो. आज फाडणार नाही.

वहीत बघून सांगता येत नाही, कारण वही नाही.

त्या दुपारी मी वरची टाकी ओतली. मग तू म्हणालीस तसा दोन तास थांबलो, कुंपणाचं काम करून आलो. येऊन बघतो तर घरामागचीही कोरडी. फोल्डर उघडलं, आत काही नाही. मला वाटलं नीट दिसत नसेल, पुढची पायरी केल्यावर दिसेल. ढग काढला. तरी नाही. शेवटी कचरापेटी. तीत काहीतरी होतं, पण कचरापेटीत काय असतं, कचरा. तू रिकामी कर म्हणाली होतीस. केली.

तुला तेव्हाच लिहायला हवं होतं. पण तुझं पत्र समोर होतं, इतक्या हौसेने लिहिलेलं. सहा वर्षांनी तू मला काहीतरी समजावून सांगत होतीस, टाकीबिकी काढून, लहानपणी मी तुला सांगायचो तसं. मी म्हटलं, हिला कशाला कळवायचं, उगाच मनाला लावून घेईल. आपल्याकडे मेलेलं जनावर पाहुण्याच्या दाराशी ओढत नेत नाहीत. लांब नेऊन पुरतात. तसं मी पुरलं.

आणि दुसरं एक पुरलं होतं, तेही उकरतो. वहीत नुसता पाऊस नव्हता. तुला आठवत असेल, आपल्या वहीला शेवटी एक रकाना असतो, शेरा. माझ्या आजोबांनी १९३१ साली वही सुरू केली तेव्हापासून तो आहे. आजोबा त्यात 'वारा' आणि 'टोळ' एवढंच लिहायचे. अठरा साली तुझ्या आईच्या, नोरीनच्या, बोटांना संधिवाताने धरलं, पेन धरवेना, म्हणून वही संगणकावर घेतली. मी नऊ वाजता मापकापाशी जायचो, खिडकीतून आकडा ओरडायचो, ती एका बोटाने टिपायची. आणि शेरा लिहायची. रोज. साडेपाच वर्षं.

तेच जाऊ नये म्हणून तर ढग काढायचा होता. कोटा-बिटा सगळं खरं, पण खरं कारण ते. तुझ्या आईने घरात बसून लिहिलेलं कुणा परक्याच्या गोदामात पडलंय हे मला खपत नव्हतं. पहिल्या पत्रात मी 'किरकोळ' लिहिलं. मी तुला खरं सांगितलं असतं तर तू जपून लिहिलं असतंस.

एक प्रश्न मला त्या दुपारी पडला होता. दोन टाक्या आहेत म्हणतेस, तर मध्ये पाइप आहे का? जोडटाक्या असतील तर एक ओतायच्या आधी व्हॉल्व्ह बंद करतात, हे मी तुला तू सात वर्षांची असताना शिकवलं. पण म्हटलं, ती लायब्ररीत शिकवते, तिला माहीत असणार. विचारलं नाही.

तुझा
बाबा


होबार्ट
बुधवार, १६ एप्रिल २०२५

बाबा,

पाइप होता. तोच तर सगळा खेळ असतो त्या क्लाउडचा. एकीकडे भरलं की दुसरीकडे भरतं, एकीकडे ओतलं की दुसरीकडे ओतलं जातं. आधी संगणकाचा आणि त्याचा संबंध तोडायचा, मगच वरच्याला हात लावायचा. मला हे माहीत आहे. समोर माणूस बसला असला तर मी हे करूनही देते. पण तुझं पत्र लिहिताना माझा डबा खायचा अर्धा तास होता, आणि मला टाकीची उपमा सुचली, आणि मी स्वतःवरच खूश झाले. उंटावरून शेळ्या हाकल्या. व्हॉल्व्हची पायरी लिहायची राहिली.

ते माझं. आता तुझं ऐक.

वरच्या टाकीतून खोडलेलं लगेच जात नाही, बाबा. त्यांची स्वतःची एक कचरापेटी असते, त्यांच्या वेबसाइटवर. तिथे ते तीस दिवस पडून असतं. एक टिचकी मारली की सगळं जागच्या जागी परत येतं. तीस दिवस! सव्वीस फेब्रुवारीला तू खोडलंस. म्हणजे अठ्ठावीस मार्चपर्यंत आईचा प्रत्येक शब्द तिथे होता. माझं पत्र तुझ्या हातात सव्वीस मार्चला आलं. दोन दिवस होते. तू शेजाऱ्याकडे गाडी नेऊन एक निरोप दिला असतास, डॅरिलला सांगितलं असतंस, मला कळलं असतं, की मी इथून ते केलं असतं. तुझा पासवर्ड मला न विचारता माहीत आहे, टिपचं नाव आणि तुमच्या लग्नाचं साल.

तुझं पत्र वाचून तोच पासवर्ड टाकला आणि आत गेले. उघडला की नाही पहिल्या झटक्यात. कचरापेटी उघडली. लख्ख रिकामी. लायब्ररीतल्या जाणत्या मुलीला तुझ्या मशीनच्या डिस्कबद्दल विचारलं. ती म्हणाली, हल्लीच्या डिस्कवर पुसलं की पुसलं. क्लाउडवाल्यांनाही लिहिलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, मुदतीनंतर काही करता येत नाही.

बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. 'उगाच मनाला लावून घेईल' म्हणे! घेतलं असतं मनाला, एक दिवस. आता जन्मभर घेणार आहे. तुम्हा दोघांना हे कुणी शिकवलं, की दुखलं तर तोंडात मूग धरून बसायचं आणि समोरच्यावर उपकार केले म्हणायचं? आई तशीच गेली. तूही तसाच.

आणि मी कमी नाही. तो पासवर्ड मला गेली कितीतरी वर्षं माहीत होता. तो ढग जागा झाल्यापासून कुठल्याही दिवशी इथे बसून मी ती वही उघडू शकले असते. उघडली नाही. म्हटलं, पाऊसच असणार, आणि तोही शून्य.

एक विचारते आणि परत कधी विचारणार नाही. त्या शेऱ्यांत माझं नाव होतं का? एकदा तरी? नको, सांगू नकोस. मला माहीत आहे.

केरिन


कुरिंगा
मंगळवार, २९ एप्रिल २०२५

पोरी,

दोन दिवस. मी ते कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. सव्वीसला मी तुझं पत्र टेबलावर ठेवलं, वर साखरेचा डबा ठेवला आणि बाहेर गेलो. सत्तावीसला टिपची नखं कापली. अठ्ठावीसला काय केलं ते आठवत नाही. काही केलं नसणार. तुझ्या रागावर मला काही म्हणायचं नाही, तो बरोबर आहे.

आता तू विचारलंस ते. तुझं नाव त्यात नव्हतं. एकदाही नाही. संगणकाला शोधायला सांगितलं असतंस तर त्यानेही 'सापडलं नाही' असंच उत्तर दिलं असतं.

पण ऐक. आपल्याकडे सकाळी पावणेआठला रेडिओवर राजधान्यांचं हवामान वाचतात. होबार्ट यादीत शेवटाकडे येतं. तोवर नेमकी किटली शिट्टी मारायला लागायची, आणि नोरीन उठून ती उतरवून ठेवायची. चहा अर्धवट राहायचा. मला वाटायचं, बाईला आवाजाचा त्रास होतोय. वर्षभर मला कळलं नाही, इतका मी हुशार.

नऊ वाजता मी 'शून्य' म्हणून ओरडायचो. ती शून्य टिपायची आणि शेऱ्यात लिहायची, 'होबार्ट ९. वारा. जाड कोट.' दुसऱ्या दिवशी, 'होबार्ट १७. धुणं वाळेल.' 'होबार्ट ४. डोंगरावर बर्फ. लायब्ररीत हीटर असेल.' एका जानेवारीत, 'होबार्ट ३१. आपल्यापेक्षा बरंच.' आणि एकदा, 'होबार्ट सांगितलं नाही. क्रिकेट लांबलं. मेले.'

रोज, केरिन. साडेपाच वर्षं, एक दिवस न चुकता. तिला ज्या वर्षी ब्रोकन हिलच्या दवाखान्यात चार दिवस ठेवलं होतं, तेव्हा मी फोनवरून पाऊस सांगायचो आणि ती मला शेरा सांगायची, आणि मी टिपायचो. तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, अगं, एक पत्र टाक तिला. तर म्हणाली, 'मी तिला येऊ नको म्हटलंय, आता कोणत्या तोंडाने बोलावू? आणि तू तिला यातलं एक अक्षर कळवलंस तर याद राख.' मी शब्द दिला.

ती गेल्यावर मी वही पहिल्यापासून वाचायला घेतली. रोज सकाळी पाऊस टिपला की तीन-चार दिवसांचे शेरे, जास्त नाही. क्वांडाँगच्या, आपल्या त्या लाल रानफळाच्या, जॅमची तिने केलेली शेवटची बरणी आहे ना, ती मी जशी चमच्याच्या टोकाने खातो, तसं. एकवीस सालच्या ऑगस्टपर्यंत आलो होतो. पुढची पावणेतीन वर्षं मी वाचलीच नाहीत. जपून ठेवली होती.

वर्ष झालं की तुला सगळं छापून द्यायचं, असं ठरवलं होतं. एक वर्ष शब्द पाळला म्हणजे पुरे झालं, मग नोरीनही काही म्हणणार नाही. तीस मेची वाट बघत होतो. मी तुला पहिल्या पत्रात हे सांगितलं असतं तर! पण मी शब्द पाळत बसलो, आणि तू मला पायऱ्या लिहून पाठवल्यास, आणि मी त्या पाळल्या.

रोज आठवायला बसतो. चौदा शेरे नक्की आठवतात. वर दिले ते धरून. बाकीचे मीच तयार करतोय असं वाटायला लागलं की थांबतो.

तुझा
बाबा

ता.क. लोकरवाले आले आणि गेले. पाऊस शून्य. वही आता कागदावर आहे.


होबार्ट
सोमवार, १२ मे २०२५

बाबा,

तुझं पत्र मी लायब्ररीच्या मागच्या दारात उभी राहून वाचलं आणि त्या दिवशी माझ्या टेबलावर कुणाचंही काम नीट झालं नाही. एका आजोबांचे फोटो मी तीनदा तपासले, त्यांची प्रत त्यांच्या हातात दिली, तरी त्यांना जाऊ देईना. ते बिचारे घाबरले. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, यात काय आहे? आणि 'किरकोळ' म्हणालं कुणी की पुन्हा विचारते.

मागच्या पत्रात मी तुला जे बोलले ते खोटं नव्हतं, पण सगळं तुझ्यावर टाकलं ते चूक होतं. व्हॉल्व्ह मी विसरले. आणि साडेपाच वर्षांत मीही एक पत्र टाकलं नाही. तिने येऊ नको म्हटलं होतं, लिहू नको म्हटलं नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं. मला तिनेच आधी बोलायला हवं होतं. तीही तिथे हेच म्हणत बसली असेल.

आता मी काय केलंय ते सांगते. हवामान खात्याकडून कुरिंगाच्या पावसाचे सगळे आकडे मागवले. तू पाठवलेले, ऑक्टोबर अठरापासूनचे. ते आले. मग बसल्या बसल्या लक्षात आलं की होबार्टचेही त्यांच्याकडे असणारच. रोजचे. तेही घेतले. रेडिओवर सांगतात तो अंदाज असतो आणि ही प्रत्यक्षाची नोंद, तेव्हा एखाद्या अंशाचा फरक असेल. आईला चालेल असं धरते. तारीख, कुरिंगाचा पाऊस, होबार्टचं तापमान, असे तीन रकाने छापून काढलेत, आणि चौथा मोकळा सोडलाय. दोन हजारांवर ओळी आहेत. पुठ्ठ्यात बांधून घेतल्यात.

आकडे परत आले, बाबा. 'जाड कोट' परत येत नाही. तुझे चौदा मी पेन्सिलने जागच्या जागी लिहिलेत, अंदाजाने, होबार्ट ४ कधी होतं ते शोधून. बाकी पानंच्या पानं तो रकाना कोरा आहे. आधी मला ते बघवेना. मग मी एक खुळेपणा सुरू केला. एखादी तारीख आठवली की मी तिथे उत्तर लिहिते. वीस सालचा जुलै, होबार्ट सहा, तिथे लिहिलं, 'कोट नव्हता घातला. आठवडाभर खोकत होते.' बावीसच्या नाताळाला, 'ऊन. एकटीच होते, पण जेवण चांगलं केलं.' ती काय विचारत होती ते माहीत नाही, तरी लिहिते. चुकलं तर चुकलं.

आणि मी तुला विचारलं होतं ना, चिखलाचं. तीस मे चोवीसला कुरिंगापुढे काहीच नाही. शून्यसुद्धा नाही. ऑक्टोबर अठरापासून एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी मापकापाशी गेलं नाही असं दिसतं. एकतीसला दोन दिवसांचे मिळून साडेसहा मिलिमीटर. म्हणजे पडला होता. माझा बूट खरंच रुतला होता.

बुधवारी, अठ्ठावीस तारखेला, डॅरिलच्या गाडीतून टपालाबरोबर येतेय. त्याला फोन केला होता, गुडघ्याची गोष्ट आत्ताच ऐकून घेतली, म्हणजे रस्त्यात नवीन काहीतरी बोलेल. तीस तारखेला आपण दोघं नऊ वाजता मापकापाशी जाऊ. पावणेआठला रेडिओ लाव आणि किटली आधीच उतरवून ठेव.

ती पहाटेच गेली, तू तेव्हा फोनवर सांगितलं होतंस. म्हणजे त्या दिवशी तिने होबार्ट ऐकलं नाही. क्रिकेट लांबलं ती सकाळ सोडली तर साडेपाच वर्षांत तो एकच दिवस तिला माझं हवामान कळलं नाही. त्या ओळीतला शेरा मी लिहून टाकलाय, तो तुला आत्ताच सांगते, कारण तिथे आल्यावर मला वाचून दाखवणं जमणार नाही.

होबार्ट १४. सकाळी धुकं, मग ऊन. आई, मी बरी होते.

केरिन